प्रारंभाचा दिवस : ११ मार्च १८८६

अमेरिकेंत विद्यापीठाच्या पदवीदान-समारंभाला ‘कमेन्समेंट’ म्हणतात. या शब्दाचा सरळ अर्थ ‘प्रारंभ’ असा आहे. विद्यार्थ्याचा अभ्यास संपला, आतां त्याच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला, असा त्यांतील आशय. आपल्याकडील ‘पदवीदान’ या शब्दांत देणाराचा हात डोळ्यांपुढें येतो; तिकडील शब्दांत घेणाराचें पाऊल दिसतें. १८८६ सालच्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस फिलाडेल्फिया शहरांत ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानिया’ या संस्थेचा असा एक प्रारंभदिन साजरा झाला. त्या दिवशीं ज्या स्त्रियांना ‘डॉक्टर ऑफ मेडिसिन’ ही पदवी मिळाली त्यांत एक महाराष्ट्रीय स्त्री होती. तिला एकवीस वर्षें पुरीं व्हावयास अजून वीस दिवस अवकाश होता. तिचें नांव सौभाग्यवती आनंदीबाई गोपाळ जोशी.

आनंदीबाईंची कथा मराठी घरांत नवी नाहीं. काशीबाई कानिटकर यांनीं १८८९ सालीं त्यांचें चरित्र लिहिलें, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ सालीं निघाली आणि पुढें २०१९ सालीं त्याच नांवाचा चित्रपटहि झाला. पतीचा हट्ट, पत्नीची सोशिकता, समुद्रपर्यटन, पदवी आणि अकाली मृत्यु हा क्रम सर्वांस पाठ आहे. परंतु या कथेंत आणखी एक बाई आहे. सांगणारे तिला बहुधा एका वाक्यांत आटोपतात. ती बाई म्हणजे त्या कॉलेजची डीन, रसायनशास्त्राची अध्यापिका राचेल बॉडली. त्या दिवसाचें मोल कळावयाचें तर विद्यार्थिनीबरोबर अध्यापिकेकडेहि पाहिलें पाहिजे.

संस्थेचा जन्म १८५० सालचा. प्रथम तिचें नांव ‘फीमेल मेडिकल कॉलेज’ असें होतें. १८६७ सालीं तें बदललें. पहिल्या तुकडीच्या आठ स्त्रियांना १८५१ सालच्या अखेरीस पदव्या देण्यांत आल्या, तेव्हां शहरांतील पुरुष विद्यार्थी येऊन दंगा करतील अशी धास्ती होती व पोलिसांचा बंदोबस्त ठेवावा लागला. डॉक्टर लोकांच्या मंडळीनें या कॉलेजच्या अध्यापकांना व पदवीधर स्त्रियांना बरींच वर्षें जवळ केलें नाहीं. १८६९ सालच्या नोव्हेंबरांत येथील विद्यार्थिनी पेनसिल्व्हानिया हॉस्पिटलमध्यें रुग्णपरीक्षणाचीं व्याख्यानें ऐकावयास गेल्या. त्यांना पाहतांच पुरुष विद्यार्थ्यांनीं आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेंकले आणि रस्त्यापर्यंत त्यांचा पिच्छा पुरविला. पुण्यांत सावित्रीबाई फुले शाळेंत जात असतां त्यांच्या अंगावर शेणमाती टाकणारे लोक होते. हे विद्यार्थी त्यांचेच सातासमुद्रांपलीकडचे भाऊबंद म्हटले पाहिजेत. सुधारलेल्या देशांतहि स्त्रियांच्या विद्येची वाट सोपी नव्हती, ही गोष्ट आनंदीबाईंच्या चरित्रकारांनीं जितकी सांगावयास हवी होती तितकी सांगितलेली नाहीं.

या संस्थेंत १८६५ सालीं बॉडलीबाई रसायनशास्त्र व विषविज्ञान या विषयांच्या अध्यापिका म्हणून आल्या. त्यांचा जन्म ७ डिसेंबर १८३१ चा, ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी येथला. वडील सुतारकाम करीत. आई मुलींची खासगी शाळा चालवी. सिनसिनाटीच्या वेस्लियन कॉलेजांत त्या १८४९ सालीं पदवीधर झाल्या. पुढें कांहीं वर्षें शिकविल्यावर, वयाची तिशी जवळ आली असतां, भौतिक शास्त्रें शिकण्यासाठीं त्या पुन्हा विद्यार्थिनी होऊन फिलाडेल्फियास गेल्या. नंतर सिनसिनाटीस परतून त्यांनीं जोसेफ क्लार्क नांवाच्या गृहस्थाचा वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह लावून दिला आणि त्याची सूची १८६५ सालीं छापविली. हजारों पानें, फुलें, काड्या यांवर नांवनिशी घालून त्या क्रमानें रचणें हें काम ज्याला जमतें त्याच्या स्वभावांत एक प्रकारची चिकाटी असावी लागते. ही चिकाटी पुढें माणसांच्या बाबतींतहि त्यांच्या उपयोगी पडली. १८७४ सालीं त्या कॉलेजच्या डीन झाल्या. १८७६ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन केमिकल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद होत.

एक गोष्ट येथें मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बॉडलीबाई स्वतः वैद्यक शिकलेल्या डॉक्टर नव्हत्या. ज्या कॉलेजच्या त्या प्रमुख होत्या त्या कॉलेजनेंच १८७९ सालीं त्यांना सन्मानार्थ एम्. डी. ही पदवी दिली. दुसऱ्यांना पदवीपर्यंत पोंचविणारीला ती पदवी अशी मागील दारानें मिळाली, असें कोणी म्हणेल; पण तें बरोबर होणार नाहीं. रुग्णाची नाडी त्यांनीं पाहिली नसेल. संस्थेची नाडी मात्र त्यांच्याइतकी कोणास कळत नव्हती. याचें प्रमाण १८८१ सालचें आहे. त्या वर्षीं पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थिनींपुढें त्यांचें भाषण व्हावयाचें होतें. स्त्रिया वैद्यक शिकतात खऱ्या, पण पुढें तें टाकून देतात, त्यांचा संसार बिघडतो, हे आक्षेप तेव्हां रोजचेच होते. वक्तृत्वानें त्यांस उत्तर देणें कठीण नव्हतें. बॉडलीबाईंनीं तसें न करतां कॉलेजच्या हयात पदवीधर स्त्रियांना पत्रें पाठविलीं. तुम्ही धंदा करतां काय, मिळकत किती, घरसंसारावर त्याचा परिणाम काय झाला, असे प्रश्न विचारले आणि आलेलीं उत्तरें मोजून सभेपुढें ठेवलीं. भाषणाचें नांव ‘कॉलेजची कहाणी’. पदवीदानाच्या भाषणांचा सर्वसाधारण फुगा लक्षांत घेतां हा प्रकार विरळाच.

हिंदुस्थान या कॉलेजला अगदीं परका नव्हता. क्लारा स्वेन ही येथली १८६९ सालची पदवीधर दुसऱ्याच वर्षीं बरेलीस आली आणि तिनें तेथें बायकांचा औषधोपचार सुरू केला. ती मिशनची बाई होती. बॉडलीबाई स्वतः प्रेसबिटीरियन पंथाच्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि परदेशीं जाणाऱ्या वैद्य-मिशनरी स्त्रियांविषयीं त्यांना मोठी आस्था होती. म्हणून १८८३ सालीं त्यांच्या कॉलेजांत जी मुलगी आली तिचें येणें साधें नव्हतें.

आनंदीबाईंचें पूर्ववृत्त थोडक्यांत सांगावयाचें तर असें. जन्म ३१ मार्च १८६५, कल्याणच्या जोशी घराण्यांतला. माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं पोस्टखात्यांत नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशांशीं लग्न. चौदाव्या वर्षीं मुलगा झाला आणि तो दहा दिवसांनीं गेला. नीट औषधपाणी मिळतें तर तो वांचता, हें शल्य त्यांच्या मनांतून पुढें कधीं गेलें नाहीं. गोपाळरावांची बदली बंगाल्यांत झाली असतां अमेरिकेस जाण्याचें ठरलें. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल येथें राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशीं पत्रांनीं जुळलेला स्नेह एवढाच तिकडचा आधार. निघण्यापूर्वीं, १८८३ सालच्या २४ फेब्रुवारीस, श्रीरामपूरच्या कॉलेजांत आनंदीबाईंनीं इंग्रजींत जाहीर भाषण केलें आणि ‘अमेरिकेस कां जातां?’ या प्रश्नास उत्तर दिलें. आपण हिंदु म्हणून जाणार आणि हिंदु म्हणूनच परत येणार, असें त्यांनीं त्या सभेंत स्पष्ट सांगितलें. ७ एप्रिलला त्यांनीं कलकत्ता सोडलें, ४ जूनला न्यूयॉर्क गांठलें. प्रवेशासाठीं त्यांनीं कॉलेजला जें पत्र लिहिलें त्यांत आपल्या शिक्षणाची उणीव झांकली नाहीं. आपल्या देशांतील बायकांची गरज मात्र पुढें मांडली.

तेव्हां प्रसंग असा होता. एकीकडे आपल्या कॉलेजकडे धर्मप्रसाराच्या दृष्टीनेंहि पाहणारी अध्यापिका. दुसरीकडे धर्म सोडणार नाहीं असें बोलून आलेली अठरा वर्षांची विद्यार्थिनी. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीहि मिळाली. आणि त्यांपैकीं कशालाहि धर्मान्तराची अट नव्हती. त्या काळीं ही केवढी गोष्ट होती याची कल्पना आज येणें कठीण आहे. इकडे पुण्यामुंबईंत ‘ही बाई बाटल्याशिवाय राहत नाहीं’ अशी कुजबूज चालू होती, आणि तिकडे तिनें बाटावें अशी मनापासून इच्छा करणारी मंडळीहि पुष्कळ होती. दोन्ही बाजूंना अपेक्षा एकच, फक्त एकीला तिची भीति आणि दुसरीला तिची ओढ. आनंदीबाईंनीं दोघांचीहि निराशा केली. त्या साडी नेसत राहिल्या, शाकाहार सोडला नाहीं, आणि तीन वर्षांचा अभ्यास पुरा केला. १८८५ सालच्या १० ऑक्टोबरचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या दिवशीं डीनबाईंनीं विद्यार्थिनींचें स्वागत केलें होतें. चित्रांत तिघी आहेत : आपल्या आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोषाखांत आहेत. ओकामी १८८९ सालीं आणि इस्लामबूली १८९० सालीं पदवीधर झाल्या. त्या मानानें आनंदीबाई तिघींत पुढें होत्या.

या तीन वर्षांत त्यांची प्रकृति मात्र ढासळत गेली. फिलाडेल्फियाची थंडी, न मानवणारें अन्न, अभ्यासाची दगदग यांनीं मूळचें नाजूक शरीर पोंखरलें. येथें एक प्रश्न मनांत येतो आणि तो चुकवितां येत नाहीं. विद्यार्थिनीची ही दशा दिसत असतां अध्यापिकेनें तिला वेळींच घरीं कां धाडलें नाहीं? उत्तर देणें सोपें नाहीं. पण एवढें खरें कीं, आनंदीबाईंना ‘हें तुझ्यानें व्हावयाचें नाहीं’ असें सांगणारे लोक आयुष्यभर पुष्कळ भेटले होते. बॉडलीबाईंनीं त्यांत आपली भर घातली नाहीं. जिनें आधींच एवढी किंमत मोजली आहे तिचा माल तिच्या हातीं न पडूं देणें, ही दया खचितच नव्हे.

पदवीसाठीं प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. विषयाची निवड बोलकी आहे. अमेरिकन वैद्यक शिकून त्यांनीं आपल्या जुन्या ग्रंथांकडे पाठ फिरविली नाहीं. त्यांतील गर्भिणीची काळजी, बाळंतपण, बाळाचें संगोपन हीं प्रकरणें त्यांनीं परक्यांपुढें मांडलीं. दहा दिवसांचें मूल गमावलेल्या आईनें हा विषय घेतला, यावर अधिक भाष्याची जरूर नाहीं. कॉलेजांत प्रसूतिशास्त्राच्या अध्यापिका ॲना ब्रूमॉल या होत्या. नवें प्रसूतिशास्त्र आनंदीबाई त्यांच्याजवळ शिकल्या.

समारंभ जवळ आला तशी बॉडलीबाईंनीं दोन पत्रें पाठविलीं. एक इंग्लंडांत पंडिता रमाबाईंना. रमाबाई तेव्हां चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत होत्या. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हिंदुस्थानांत स्त्री-डॉक्टर हव्यात अशी साक्ष त्यांनींच दिली होती. आनंदीबाईंचें व त्यांचें दूरचें नातें होतें, पण १८८३ सालच्या सप्टेंबरांत रमाबाई ख्रिस्ती झाल्यामुळें महाराष्ट्रांत त्यांच्या नांवानें नाकें मुरडलीं जात होतीं. आपल्या विद्यार्थिनीच्या पदवीदानाला तिच्या देशाची एक विदुषी हजर असावी, एवढ्यासाठीं बॉडलीबाईंनीं त्यांना अटलांटिक ओलांडून बोलाविलें. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई मार्चच्या पहिल्या आठवड्यांत फिलाडेल्फियास पोंचल्या. थोडे दिवस राहून परत फिरावयाचें या बेतानें आलेल्या रमाबाई अमेरिकेंत जवळजवळ तीन वर्षें राहिल्या.

दुसरें पत्र व्हिक्टोरिया राणीला. राणीच्या प्रजाजनांपैकीं एक हिंदु स्त्री आपल्या कॉलेजांतून डॉक्टर होत आहे, हें बॉडलीबाईंनीं तिला कळविलें आणि राणीकडून अभिनंदनाचा निरोप आला. आनंदीबाईंच्या चरित्रांत ‘राणीनें अभिनंदन केलें’ हें वाक्य हमखास असतें. आधीं पत्र कोणीं धाडलें हें तितकेंसें सांगितलें जात नाहीं. १८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या नांवाचा फंड हिंदुस्थानांत सुरू झालेला होता, स्त्रियांना स्त्री-डॉक्टरची मदत मिळावी हा त्याचा हेतु होता. अशा वेळीं पत्र पाठविण्यांत अध्यापिकेचें व्यवहारज्ञान दिसतें. विद्यार्थिनी परत गेल्यावर तिच्या पदवीला वजन कोठून येणार याचा विचार तिनें केलेला होता.

आणि तो दिवस आला. श्रोत्यांनीं घटकाभर तें दृश्य डोळ्यांपुढें आणावें. सभेंत रमाबाई आहेत : धर्म बदललेल्या, पण हिंदु बायकांचें दुःख न विसरलेल्या. गोपाळराव आहेत : ब्रह्मदेश, जपान करीत आदल्या वर्षीं येऊन पोंचलेले, अमेरिकन लोकांना त्यांच्याच सभांतून खडे बोल सुनावून त्यांचा रोष ओढवून घेतलेले, चमत्कारिक आणि तापट गोपाळराव. या बायकोच्या शिक्षणासाठीं त्यांनीं तिला छळलेंहि होतें आणि जगाशीं भांडणहि मांडलें होतें. कार्पेंटरबाईंनीं तीन वर्षें तिला लेकीप्रमाणें वागविलें होतें. आणि कॉलेजच्या प्रमुखपदीं बॉडलीबाई. आनंदीबाईंच्या नांवाचा पुकार झाला तेव्हां टाळ्यांचा गजर झाला. त्या टाळ्यांत कौतुकाइतकें कुतूहलहि असेल. दूर देशाची साडी नेसलेली मुलगी पाहून टाळ्या वाजविणें अवघड नसतें. पण तिला तीन वर्षें रसायनशास्त्र शिकविणें, तिची परीक्षा घेणें, इतरांइतकेंच तिच्याकडून काम करून घेणें आणि मग तिला पदवी देणें, हें कुतूहलाचें काम नव्हे.

त्याच १८८६ सालीं कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीं तेथल्या मेडिकल कॉलेजची परवानगी मिळवून वैद्यकी सुरू केली. म्हणजे ‘पहिली’ कोण हा वाद घालावयाचा तर घालतां येईल. त्यांत फारसा अर्थ नाहीं. कादंबिनीबाईंना पुढें बरींच वर्षें रुग्णसेवा करावयास मिळाली. आनंदीबाईंना तें भाग्य लाभलें नाहीं.

पदवीनंतर बोस्टनच्या बायकामुलांच्या इस्पितळांत त्या अनुभवासाठीं गेल्या, पण प्रकृतीनें साथ दिली नाहीं. कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक केली होती. ऑक्टोबरांत अमेरिका सोडून नोव्हेंबरांत त्या मुंबईस उतरल्या. तेव्हां क्षयानें त्यांस पुरतें ग्रासलें होतें. पुण्यास आणल्यावर टिळकांसारख्यांनीं पत्र लिहून गौरव केला, मदत केली. ज्या पुण्यानें पूर्वीं निंदा केली होती तेंच आतां चौकशीस येऊं लागलें. कोल्हापूरला त्या जाऊं शकल्या नाहींत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. प्रारंभदिनापासून मोजलें तर अकरा महिने आणि पंधरा दिवस. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यांत आली आणि पोकीप्सी येथील कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत ती आजहि आहे.

ही वार्ता फिलाडेल्फियास पोंचली तेव्हां रमाबाई तेथें एक पुस्तक लिहीत होत्या. हिंदुस्थानांतील उच्चवर्णीय स्त्रियांची स्थिति अमेरिकन लोकांना कळावी आणि बालविधवांच्या शाळेसाठीं पैसा उभा राहावा, हा त्याचा उद्देश. ‘द हाय कास्ट हिंदु वुमन’ या नांवानें तें १८८७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंची आहे, आणि त्या प्रस्तावनेंत आनंदीबाई आहेत. ज्या विद्यार्थिनीला त्यांनीं वर्षापूर्वीं पदवी घेतांना पाहिलें तिचें मरण त्यांना आतां वाचकांना सांगावें लागलें. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, वनस्पतींची सूची आणि पदवीधरांची गणति करणाऱ्या या बाईनें आपल्या एका विद्यार्थिनीसाठीं आणि तिच्या देशभगिनीसाठीं लेखणी हातीं घेतली. पुस्तक झपाट्यानें खपलें. १८८७ सालच्या डिसेंबरांत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि शाळेचा दहा वर्षांचा खर्च चालविण्याचें तिनें पत्करलें.

शाळा मात्र बॉडलीबाईंना दिसली नाहीं. १५ जून १८८८ रोजीं हृदयविकारानें त्या अचानक वारल्या. विद्यार्थिनीनंतर अध्यापिका, सोळा महिन्यांच्या आंत.

त्याच वर्षाच्या अखेरीस रमाबाई स्वदेशीं यावयास निघाल्या. मुंबईंत चौपाटीजवळ त्यांनीं ‘शारदा सदन’ उघडलें तो दिवस ११ मार्च १८८९, फिलाडेल्फियाच्या समारंभास बरोबर तीन वर्षें झालीं तो दिवस. सदनाच्या उद्घाटनाला अध्यक्षस्थानीं काशीबाई कानिटकर होत्या; आनंदीबाईंचें चरित्र लिहिणाऱ्या त्याच काशीबाई. सदनांत आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नांवाची होती. ती तेथें शिकली, आणि १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला. लग्नांत तिचें नांव आनंदी असें ठेवण्यांत आलें. घरची मंडळी मात्र तिला बाया म्हणत.